घरगुती प्रोग्रॅमर आणि अहवालातून वगळलेला बिघाड : एक चिकित्सा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकविणाऱ्या प्राध्यापकांना घरी जोडलेल्या मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅमरचे प्रकल्प अहवाल नवे नाहीत. उद्दिष्ट, सर्किटची आकृती, सुट्या भागांची यादी आणि अखेरीस ‘सर्किट अपेक्षेप्रमाणे चालले’ हे वाक्य, असे त्यांचे रूप ठरून गेले आहे. ते पहिल्या प्रयत्नात का चालले नाही, हे मात्र क्वचितच वाचावयास मिळते. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या मौनावर आहे.

उदाहरणादाखल दोन बिघाड पाहू. ‘एटी८९एस५२’ या चिपमध्ये प्रोग्रॅम भरताना रिसेटची पिन उच्च पातळीवर ठेवावी लागते. ‘एटीमेगा८’मध्ये ती निम्न पातळीवर हवी. एकीसाठी केलेला प्रोग्रॅमर दुसरीला तसाच जोडला, तर सोल्डरिंग निर्दोष असूनही चिप उत्तर देत नाही. दुसरा बिघाड वेगाचा. ‘एटी८९एस५२’ला प्रोग्रॅमरकडून मिळणाऱ्या क्लॉकची वारंवारता क्रिस्टलच्या एक-सोळांशाहून कमी असावी लागते, १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ती ७५० किलोहर्ट्झच्या आत हवी. पडद्यावर मात्र दोन्ही वेळी चिप न सापडल्याचाच संदेश येतो. लक्षण एक, कारणे भिन्न.

म्हणूनच निदानाला क्रम लागतो. प्रथम चिपच्या पिनांवरच ५ व्होल्ट मोजावेत, मग रिसेटची पातळी पाहावी, नंतर क्रिस्टल, आणि शेवटी चिपचा ओळखसंकेत वाचावा. सोळा-आधारी अंकांत १ई, ५२, ०६ असे उत्तर आले, तर ‘एटी८९एस५२’शी संवाद जुळला असे समजावे.

परीक्षकाला चालणारे उपकरण हवे असते आणि तयार प्रोग्रॅमर स्वस्तात मिळतो, असे यावर म्हटले जाईल. दोन्ही खरे आहे. परंतु तयार वस्तू उपलब्ध असताना जोडणीचा खटाटोप करावयाचा, तो या निदानासाठीच. ते वगळले की अहवाल आकृतीची नक्कल ठरतो. आणि आठवडाभर मल्टिमीटर घेऊन बसलेला विद्यार्थी व तयार सर्किट विकत आणणारा विद्यार्थी यांत फरक करण्यास परीक्षकाकडे काही आधार राहत नाही. हा प्रामाणिक विद्यार्थ्यावर अन्याय होय.

यास्तव लक्षण, शंका, मोजमाप व निष्कर्ष अशा चार रकान्यांचे एक पान अहवालात सक्तीचे करावे आणि त्यास स्वतंत्र गुण ठेवावेत. अखेरपर्यंत न चाललेला, परंतु ज्याचा बिघाड काटेकोरपणे नोंदविला आहे, असा प्रोग्रॅमरही उत्तीर्ण मानावा. दुसऱ्याची आकृती उतरवून घेता येते. आपल्या सर्किटमधील बिघाड मात्र आपणच मोजावा लागतो.