कॅरोथर्स वाचताना घाटघर

विषय 'कायद्याचं राज्य' असेल तर कुणीतरी थॉमस कॅरोथर्स यांचा 'फॉरेन अफेअर्स'मधला 1998 चा लेख हातात देतंच. वाचाच, फार मोठा नाही. पण लगेच मान डोलावू नका.

लेखात सुधारणांचे तीन थर आहेत: कायदे नव्यानं लिहिणं, न्यायालयं, पोलीस वगैरे संस्था सुधारणं, आणि सरकारनं स्वतः कायद्यापुढं वाकणं. परदेशी मदत पहिल्या दोन थरांवर रेंगाळते, तिसरा तसाच राहतो. ट्युनिशियाला हे चपखल बसतं. 2011 ची क्रांती, 2014 ची राज्यघटना, न्यायसुधारणेला युरोपीय संघाचा निधी. पण घटनेनं सांगितलेलं घटना न्यायालय कधी बसलंच नाही. जुलै 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, तेव्हा त्याविरुद्ध दाद मागायची जागाच रिकामी होती.

इथपर्यंत पटतं. माझी तक्रार पुढे आहे. तिसरा थर कॅरोथर्स नेत्यांच्या इच्छाशक्तीत शोधतात, आणि त्यांचे वाचक तर थेट 'कायदा परका होता म्हणून रुजला नाही' असं लिहून मोकळे होतात.

आता जुन्नरच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावरच्या घाटघरला या. (तिथला तो दगडी रांजण जकातीचा होता म्हणतात, म्हणजे सरकार इथे वसुलीला फार आधी पोचलं!) महादेव कोळ्यांच्या या पट्ट्यासाठी पेसा कायदा 1996 मध्ये झाला. भुरिया समितीच्या शिफारशींवर, आपल्याच संसदेत. परदेशी सल्लागार नाही, निधी नाही. राज्यांनी वर्षभरात आपले कायदे जुळवून घ्यायचे होते. महाराष्ट्राचे पेसा नियम आले 2014 मध्ये. मग 'परका कायदा' हे कारण कुठे गेलं?

आणि इच्छाशक्ती म्हणाल तर ती फक्त मुंबईत मोजायची का? वनहक्काच्या 2008 च्या नियमांत गावातल्या वयस्कर माणसाचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालतं. ते कोण लिहून घेतं, ग्रामसभेच्या ठरावाला जोडतं का, दावा फेटाळताना त्याबद्दल कारण दिलं जातं का, हे कॅरोथर्सच्या तिन्ही थरांत नीट बसत नाही. तिथे मंत्री नसतो. तलाठी, वनरक्षक आणि वनहक्क समितीचा सचिव असतो.

प्रस्ताव लिहिताना म्हणूनच 'अंमलबजावणीतील अडचणी' असं मोघम शीर्षक देऊ नका. एका गावाचे फेटाळलेले दावे घ्या, आणि प्रत्येक कागद कुठल्या टेबलावर थांबला ते आधी लिहा.