डबा सुटतो, वजन सुटत नाही

विमानांच्या सांगाड्यावर पीएचडी करतेय म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: ट्रॅक्टरला जशी ट्रॉली, तसा मालवाहू विमानाला सुटा डबा का नसतो? एक डबा भरेपर्यंत विमान दुसरा घेऊन उडेल, ताटकळत बसणार नाही.

प्रश्न वेडगळ नाही. अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीने असं विमान बनवलं होतं. त्याचं नाव एक्ससी-120 पॅकप्लेन. 11 ऑगस्ट 1950 रोजी ते पहिल्यांदा उडालं. चाचण्या झाल्या, पण नमुना एकच बनला. का, ते पाहू.

आधी श्रेय. कंपनीने आपलंच सी-119 हे विमान घेतलं आणि त्याचं पोट कापून तिथे सुटा डबा बसवला. निवड हुशारीची होती. एरवी शेपटीचा भार विमानाच्या धडातून जातो. धडाची खोली कमी केली की ते वाकायला लागतं. घरातली स्टीलची पट्टी आडवी आणि मग उभी धरून वाकवून बघा, लगेच कळेल. सी-119 ची शेपटी मात्र पंखांतून मागे जाणाऱ्या दोन दांड्यांवर होती. त्यामुळे धड कापूनही शेपटी शाबूत राहिली. डबा सोडताना विमान खाली बसावं म्हणून चाकांचे पायही वर-खाली होणारे केले होते.

मग अडलं कुठे? ट्रॉली स्वतःच्या चाकांवर उभी असते, तिचं वजन जमीन पेलते. विमानाच्या डब्याचं वजन मात्र पंखच पेलतात. साध्या विमानात एकच कवच दोन कामं करतं: माल झाकतं आणि भारही वाहतं. इथे वरचं धड वेगळं, डब्याचं कवच वेगळं. शिवाय सगळा भार मोजक्या कुलपांवर येतो, म्हणून त्या जागा जाड कराव्या लागतात. हे जादा वजन प्रत्येक उड्डाणात सोबत येतं आणि तेवढा माल कमी होतो.

आणि वाचतं काय? मूळ सी-119 ला मागे मोठे दरवाजे होतेच, गाडी थेट आत चढवता यायची. ती विमानं 1,100 हून अधिक बनली. पुढे तर माल आधीच पॅलेटवर बांधून, रोलरवरून विमानात ढकलायची पद्धत रुळली. म्हणजे सुटा डबा आलाच, फक्त तो विमानाच्या आत आला. तिथे त्याला वाऱ्याला तोंड द्यावं लागत नाही, म्हणून तो हलका चालतो.

मग कल्पना टाकाऊच का? नाही. सिकॉर्स्कीच्या सीएच-54 हेलिकॉप्टरखाली असे डबे लटकवले गेले, व्हिएतनाम युद्धात वापरलेही गेले. हेलिकॉप्टरचा वेग कमी, भार लटकवणं हेच त्याचं काम. शिवाय डबा उतरवला की त्याचाच दवाखाना किंवा कार्यालय करता येई. तिथे डबा हाच माल होता.

तेव्हा पुढच्या वेळी अशा विमानाचं चकचकीत ॲनिमेशन दिसलं, तर दोनच प्रश्न विचारा. डब्याच्या वजनाचं भाडं कोण भरणार? आणि विमान खरंच माल भरण्यासाठी थांबलंय, की इंधन, तपासणी आणि धावपट्टीच्या रांगेसाठी? दुसऱ्या कारणाने थांबलं असेल, तर डबा बदलून काहीच वाचणार नाही.