'द सेकंड सेंच्युरी' : जमाखर्चात न मावणारे शतक

संगणकीय खेळांकडे आपल्याकडील विद्यापीठीय समीक्षा बहुधा करमणुकीची वस्तू म्हणूनच पाहते. परंतु ज्या खेळात खेळणारा दशकानुदशके एखाद्या उद्योगाचे निर्णय घेत असतो, त्या खेळाचे नियम हेच त्याचे कथन असते आणि कथनाची चिकित्सा करता येते. 'रेलरोड टायकून २' (१९९८) या खेळास १९९९ मध्ये जोडण्यात आलेली 'द सेकंड सेंच्युरी' ही पुरवणी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

सिड मायर यांच्या १९९० मधील मूळ 'रेलरोड टायकून'चा हा वारस अमेरिकेतील पॉपटॉप सॉफ्टवेअर या संस्थेने निर्माण केला. खेळणारा येथे रेल्वे कंपनीचा अध्यक्ष असतो. तो रूळ टाकतो, इंजिने विकत घेतो, कोळसा पोलादाच्या कारखान्याकडे धाडतो. माल जेथे पोहोचतो तेथील मागणी, अंतर आणि लागलेला वेळ यांवर उत्पन्न ठरते. खेळाचे खरे बळ मात्र भांडवल बाजारात आहे. रोखे काढता येतात, प्रतिस्पर्धी कंपनी गिळता येते, उधारीवर समभाग घेता येतात. आणि मंदी आली की तीच उधारी गळ्याशी येते. अध्यक्षाची खासगी संपत्ती व कंपनीची संपत्ती यांचे हिशेब वेगळे ठेवले आहेत. कंपनी कृश होत असताना अध्यक्ष गब्बर होऊ शकतो, ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तकापेक्षा येथे लवकर उमगेल. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी रेल्वेसम्राटांचे जग उभे करण्यास ही रचना अगदी चपखल आहे.

पुरवणी हीच रचना दुसऱ्या महायुद्धापासून कल्पित भविष्यापर्यंत ओढत नेते. नवे नकाशे व नवी इंजिने आली. मोजपट्टी मात्र जुनीच राहिली. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप येथे आहे.

रेल्वेचे दुसरे शतक प्रत्यक्षात बव्हंशी शासनाचे शतक होते. फ्रान्समध्ये १९३८ साली राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली. ब्रिटनमधील कंपन्या १९३९ मध्ये सरकारी नियंत्रणाखाली आल्या व १९४८ मध्ये राष्ट्रीयीकृत झाल्या. युद्धकाळात तर नफ्याचे गणितच बाजूला पडले. कांगडा खोऱ्यातील नगरोटा ते जोगिंदरनगर हा मार्ग १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी उखडला गेला आणि १९५४ मध्ये पुन्हा सुरू झाला. तोट्यातील फाटा मोडणे अध्यक्षास समजते; दूरच्या रणभूमीसाठी स्वतःचे रूळ उपटून देणे त्याच्या जमाखर्चात कोठे मांडायचे?

याहून गंभीर प्रश्न 'प्रवासी' या शब्दाचा आहे. खेळात प्रवासी हा एक माल आहे. पोहोचवला की उत्पन्न जमा होते. नाझी राजवटीत ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या जर्मन राज्यरेल्वेने चालवल्या आणि त्याचे भाडेही आकारले, हे इतिहासकार राउल हिलबर्ग यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवले आहे. दर तिसऱ्या वर्गाचा. दहा वर्षांखालील मुलांस निम्मे भाडे, चार वर्षांखालील मुलांस माफ. समूह मोठा असल्यास सवलत. पहारेकऱ्यांचे भाडे जाण्यायेण्याचे, कैद्यांचे केवळ जाण्याचे. ही राज्यरेल्वे होती, हे विसरता येत नाही. तेव्हा दोष केवळ खासगी मालकीचा नाही. कोणास कोठे नेले, हे न विचारता हिशेब पुरा करणाऱ्या वहीचा आहे. आणि खेळाने खेळणाऱ्याच्या हाती दिलेली वही तशीच आहे.

खेळाकडून इतकी अपेक्षा का करावी, असे कोणी विचारील. खेळ एकोणिसाव्या शतकापुरता राहता, तर हा प्रश्न एवढा टोकदार झाला नसता (तेव्हाच्या रेल्वेखालीही मजूर गाडले गेलेच, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय). महायुद्धाचा युरोप निर्मात्यांनी स्वतःहून निवडला. त्यातील थरार घ्यायचा, बोगद्यांची व पुलांची आव्हाने घ्यायची आणि गाडीच्या डब्यात कोण बसले आहे ते पाहायचे नाही, ही सोयीची निवड आहे.

२००३ मधील 'रेलरोड टायकून ३' ने बाजाराची यंत्रणा आणखी सूक्ष्म केली. रेल्वे नसतानाही माल भावाच्या ओढीने नकाशावर सरकू लागला. डब्यातील माणसाची नोंद याही वहीत मालाच्याच स्तंभात आहे.