छायाचित्रांतून उभा राहणारा अवकाश : ‘फोटोसिंथ’चा पुनर्विचार

पर्यटकांनी सहज टिपलेल्या छायाचित्रांतून एखाद्या वास्तूचा त्रिमितीय अवकाश उभा करण्याचे संशोधन नोहा स्नेव्हली, स्टीव्हन साइत्झ व रिचर्ड झेलिस्की यांनी २००६ मध्ये ‘फोटो टूरिझम’ या शीर्षकाने मांडले. त्यावर आधारलेली मायक्रोसॉफ्टची ‘फोटोसिंथ’ ही सेवा २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद करण्यात आली. या सॉफ्टवेअरचे कौतुक झाले ते मुख्यतः त्याच्या नेत्रदीपकतेसाठी. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे खरे मोल त्याच्या अपूर्णतेत होते.

कमानीचा एखादा कोपरा किंवा शिल्पाची कड अनेक छायाचित्रांत आढळली की संगणक त्यांची जुळणी करतो. अशा असंख्य जुळण्यांवरून तो तपशील अवकाशात कोठे आहे आणि प्रत्येक कॅमेरा कोठे उभा होता, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्रच काढली जातात. पडद्यावर विरळ बिंदूंचा समूह दिसतो व त्यात मूळ छायाचित्रे आपापल्या जागी उभी असतात. प्रेक्षक एका छायाचित्रातून दुसऱ्यात जातो. परंतु छायाचित्र हे छायाचित्रच राहते, चौकटीसह आणि ते टिपणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेसह.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलच्या प्रयोगात फ्लिकरवरील २,६३५ छायाचित्रांपैकी ५९७ जुळली आणि त्यांतून प्रामुख्याने दर्शनी भाग साकारला. जिकडे कोणी कॅमेरा रोखला नाही तिकडे पोकळीच राहिली. म्हणजे हा नकाशा वास्तूचा जितका, तितकाच पाहणाऱ्यांच्या नजरेचाही होता. ही त्याची मर्यादाही होय. २००९ च्या ‘बिल्डिंग रोम इन अ डे’ या संशोधनात दीड लाख छायाचित्रांवर एका दिवसाच्या आत प्रक्रिया झाली. मात्र त्यातील रोम म्हणजे कलोसियम, त्रेव्ही कारंजे यांसारखी प्रसिद्ध स्थळे. रोमकरांच्या राहत्या गल्ल्यांना त्यात स्थान कोठून मिळणार? तरीही ही उणीव निदान उघड दिसत होती.

२०२० मधील ‘नर्फ’ आणि २०२३ मधील ‘गॉसियन स्प्लॅटिंग’ या पद्धतींनी दृश्य सलग व विलक्षण सजीव केले, हे मान्य करावेच लागेल. परंतु त्या सलगतेत छायाचित्रे विरघळून जातात. कोणता भाग कॅमेऱ्याने प्रत्यक्ष पाहिला आणि कोणता गणिताने भरून काढला, हे प्रेक्षकाला सहसा कळत नाही. पर्यटकांच्या छायाचित्रांसाठीच घडवलेली ‘नर्फ इन द वाइल्ड’ ही पद्धत तर वाटसरूंना क्षणिक अडथळा समजून वगळते. वास्तुविशारदाला ही सोय वाटेल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा पुराव्यातील फेरफारच वाटावा.

२० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांच्या शपथविधीच्या वेळी सीएनएन वाहिनीने उपस्थितांकडून छायाचित्रे मागवून त्या क्षणाचे फोटोसिंथ रचले होते. तेथे माणसांची गर्दी हाच विषय होता. गर्दी वगळणाऱ्या पद्धतीने तो क्षण रचला असता तर उरली असती केवळ संसदभवनाची इमारत. फोटोसिंथचे संकेतस्थळ बंद झाल्यावर तेथील ती रचनाही पाहणे अशक्य झाले. छायाचित्रे नागरिकांची होती. त्यांना जोडणारा अवकाश कंपनीचा होता.