नेत्रदानाचा फॉर्म आणि नेत्रपेढीचा फोन

दर वर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर भारतात नेत्रदान पंधरवडा असतो, आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर पोस्टर येऊन पडतं. रामदासांच्या ओळीतली 'कीर्ती' काढून 'नेत्र' बसवलेली घोषणा, खाली पणती, शेजारी संकल्पाचा फॉर्म. भावना खरी आहे, तिच्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे: फॉर्म भरल्यापासून सर्जनच्या हातात कॉर्निया पडेपर्यंत काय काय घडावं लागतं, याचा त्या पोस्टरवर पत्ताच नसतो.

मुळात अख्खा डोळा कुणी बसवत नाही. बसवतात तो कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा; हल्ली अनेकदा तर त्याचा फक्त आतला थर. या थरातल्या एंडोथेलियम पेशी कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसतात, म्हणून तो स्वच्छ राहतो. त्या मेल्या की परत तयार होत नाहीत. त्यामुळे नेत्रपेढीत त्या मायक्रोस्कोपखाली अक्षरशः मोजतात. निरोगी प्रौढ डोळ्यात एका चौरस मिलिमीटरला साधारण २५०० ते ३००० असतात. आतला थर बसवायचा तर निदान २००० च्या वर हव्यात, असा बऱ्याच सर्जनांचा आग्रह असतो.

इथे अमेरिकेत सर्जन ऑपरेशनची तारीख आधी ठरवतो आणि मग पेढीकडे मागणी नोंदवतो: दात्याचं वय इतकं, पेशी इतक्या, थर सोलून हवा. 'डीमेक' शस्त्रक्रियेचा थर जेमतेम १०-१५ मायक्रॉनचा. तंत्रज्ञ तो पेढीतच सोलतात, जांभळ्या शाईने त्यावर 'एस' अक्षर उमटवतात आणि काही पेढ्या तर काचेच्या नळीत भरूनच पाठवतात. डोळ्यात गेल्यावर 'एस' आरशातल्यासारखा दिसला, तर थर पालथा पडलाय. इतकं नाजूक काम करणाऱ्या माणसाचं नाव पेशंटला कधीच कळत नाही.

तारीख आधी ठरवता येते, कारण ऑप्टिसोल द्रावणात कॉर्निया फ्रिजमध्ये १४ दिवस टिकतो. जुन्या, स्वस्त एमके द्रावणात चारच दिवस. मग गावाकडच्या पेशंटला फोन जातो, "उद्या सकाळी या."

पण खरा फरक द्रावणाच्याही आधी पडतो. १९९८ च्या नियमानुसार, मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या अमेरिकन हॉस्पिटलला प्रत्येक मृत्यूची खबर द्यावी लागते. पुढचा फोन यंत्रणा करते. इथली माणसं जास्त दानशूर आहेत, हे मला पटत नाही. (पेढ्या ना-नफा असल्या तरी प्रक्रियेची फी हजारो डॉलर असते. १९८४ चा कायदा विक्रीला मनाई करतो, 'वाजवी' खर्चाला नाही. दात्याच्या घरच्यांना हे स्पष्ट सांगायला हवं.) इथून कॉर्निया परदेशीही जातात. उलट २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार, जगभरात ७० गरजूंमागे एकच कॉर्निया मिळतो.

भारतात मात्र बराच भार शोकात बुडालेल्या घरच्यांवर. त्यातून घरून मिळणारे डोळे बहुतेक वृद्धांचे, म्हणजे पेशी कमी असण्याची शक्यता जास्त. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेसारख्यांनी हॉस्पिटलातच समुपदेशक नेमून नातेवाइकांशी बोलायची पद्धत रुजवली. पंधरवड्याचा निम्मा उत्साह जरी तिकडे वळला, तरी मी पोस्टरला नावं ठेवणार नाही.

तोवर आपलं काय? आई-बाबांनी फॉर्म भरला असेल, तर या रविवारच्या कॉलवर विचारा: जवळच्या नेत्रपेढीचा नंबर कुणाकडे आहे? शेजारच्या काकूंना माहीत आहे का, की पंखा बंद करायचा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच करायचं? संमती तिथे हजर असलेल्या जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते, आणि डोळे सहा तासांच्या आत काढायचे असतात. तेवढ्या वेळात आपण फार तर एअरपोर्टवर पोहोचलेलो असतो.