परिसरातले म्हणजे कोण? ईलिंगच्या १०० मीटरबद्दल

आज आपण पश्चिम लंडनमधल्या एका रस्त्याबद्दल बोलणार आहोत. ईलिंग भागात मॅटॉक लेनवर मेरी स्टोप्स संस्थेचं गर्भपात केंद्र होतं. गर्भपाताला विरोध असलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं फाटकाजवळ उभी राहायची. कुणी जपमाळ घेऊन प्रार्थना करी, कुणी भ्रूणाची चित्रं लावी, कुणी आत जाणाऱ्या बाईला पत्रक देऊन बोलायला थांबवी. एप्रिल २०१८ मध्ये ईलिंगच्या नगरपरिषदेनं केंद्राभोवती सुमारे १०० मीटरचा पट्टा आखला आणि त्यात हे सगळं बंद केलं. ब्रिटनमधला असा हा पहिलाच आदेश.

आपल्याला जमावबंदी ठाऊक आहे. अधिकारी हुकूम काढतो, आपण पेपरात वाचतो. हा आदेश वेगळा होता. २०१४ च्या समाजविघातक वर्तनाविरुद्धच्या कायद्याखाली तो निवडून आलेल्या परिषदेनं काढला. त्याआधी पोलिसांशी आणि लोकांशी सल्लामसलत केली, पुरावे गोळा केले. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं, मोडला तर दंड जास्तीत जास्त १,००० पौंड. आणि निषेध पुरता हद्दपार केला नाही. पट्ट्यातच एक जागा ठरवून दिली. तिथे एका वेळी ४ माणसं उभी राहू शकत होती, फलक ए-३ कागदापेक्षा मोठा नको, आरडाओरडा नको.

तरी प्रकरण कोर्टात गेलंच. आलिना डुल्घेरू या आव्हान देणाऱ्यांपैकी एक. फाटकावरच्याच माणसांच्या मदतीमुळे आपण मूल ठेवलं, असं त्यांचं सांगणं. हे हलकं घेण्यासारखं नाही. बाहेर उभी असलेली सगळीच माणसं दुष्ट हेतूची होती, असं धरून चाललं की अर्धी चर्चा तिथेच बिघडते. काहींना खरोखर मदत करायची होती, आणि काही बायकांना ती हवीही होती.

उच्च न्यायालयानं जुलै २०१८ मध्ये आणि अपील न्यायालयानं ऑगस्ट २०१९ मध्ये आदेश कायम ठेवला. निकालातला आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एका शब्दाचा वाद. ‘परिसरातल्या लोकांच्या’ जगण्यावर वाईट परिणाम होत असेल तर आदेश काढता येतो, असं कायदा म्हणतो. आता परिसरातले म्हणजे कोण? आव्हान देणाऱ्यांचं म्हणणं, तिथे राहणारे किंवा नेहमी येणारे. मग आयुष्यात एकदाच, तासाभरासाठी आलेली बाई परिसरातली कशी? न्यायालय म्हणालं, तीही परिसरातलीच.

हे बरोबर आहे असं आमचं ठाम मत आहे. बघा ना, रहिवाशाला वाट बदलता येते, खिडकी लावून घेता येते. जिला त्या दिवशी त्याच दारातून आत जायचंय तिला दुसरी वाट नाही. बोलण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण जो निघून जाऊ शकत नाही त्याला धरून ऐकवण्याचा हक्क त्यातून निघत नाही. हेच फलक संसदेसमोर, चर्चच्या आवारात, बाजारात लावायला कुणाची हरकत नव्हती. म्हणून ‘अभिव्यक्तीचा गळा घोटला’ ही टीका आम्हाला पटत नाही.

आमची टीका दुसरीकडे आहे. ईलिंगच्या आदेशानं ‘कोणत्याही मार्गानं’ पसंती-नापसंती दाखवायला मनाई केली आणि त्या मार्गांत प्रार्थनाही घातली. बाईच्या तोंडासमोर मोठ्यानं म्हटलेली प्रार्थना आणि मनातल्या मनात केलेली प्रार्थना या एकच गोष्टी आहेत का? ईलिंगमध्ये अनेक वर्षांचा पुरावा होता, म्हणून एवढं व्यापक कलम तिथे टिकलं. पण तीच शब्दरचना दुसऱ्या गावांनी उचलली आणि अडचण उघडी पडली. बोर्नमथमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये एक माजी सैनिक केंद्राकडे पाठ करून, मान खाली घालून गप्प उभा होता. हलायला सांगूनही हलला नाही, हेही खरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दोषी ठरला. शिक्षा सशर्त सुटकेची, पण खर्चापोटी ९,००० पौंड भरायचे. ‘तू इथे कशासाठी उभा आहेस?’ या प्रश्नाच्या उत्तरावर गुन्हा ठरायला लागला की आम्हाला काळजी वाटते.

दुसरी अडचण ‘स्थानिक’ या शब्दातच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी देशभर असे पट्टे आखायला नकार दिला होता. कारण काय, तर ३६३ रुग्णालयं आणि केंद्रांपैकी ३६ ठिकाणीच निदर्शनं झाली होती. म्हणजे ज्याचं दुखेल त्यानं आपापल्या नगरपरिषदेकडे जावं. मग बाईचं संरक्षण तिच्या गरजेवर नाही, तिथल्या परिषदेकडे वकिलांसाठी पैसा आणि धीर किती यावर ठरणार. आणि दर ३ वर्षांनी पुन्हा तेच.

पुढे संसदेनंच कायदा केला. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळ्या केंद्रांभोवती १५० मीटरचा पट्टा लागू आहे. स्कॉटलंडमध्ये त्याआधी महिनाभर २०० मीटरचा पट्टा आला. गावागावातली विषमता संपली, हे चांगलंच झालं. पण वाटेत एक गोष्ट सुटली. ईलिंगला आधी दाखवावं लागलं होतं की या जागी, या वागण्यानं, या बायकांना त्रास होतो. नव्या कायद्यात दुसऱ्याच्या निर्णयावर ‘प्रभाव पाडणं’ हाही गुन्हा आहे. हा फार ढगळ शब्द आहे. मूक प्रार्थनेला सूट देणारी दुरुस्ती संसदेनं मार्च २०२३ मध्ये फेटाळली. आता सरकारी वकिलांच्या मार्गदर्शनात म्हटलंय की मूक प्रार्थना म्हणजे गुन्हा असेलच असं नाही. म्हणजे जे कायद्यानं स्पष्ट सांगायला हवं होतं ते रस्त्यावरच्या पोलिसाच्या समजुतीवर आलं.

तेव्हा आमचं म्हणणं असं. पट्टा सगळीकडे असावा, कारण दारातून सुखरूप आत जाणं हे गावाच्या नशिबावर सोडता येत नाही. पण पट्ट्यात काय बंद, हे ठरवताना ईलिंगची शिस्त सोडू नये. समोरच्या माणसापर्यंत काय पोचतं, हे मोजा. अडवणं पोचतं, चित्र पोचतं, ‘आई, थांब’ ही हाक तर फारच पोचते. मनातलं पोचत नाही. एका दिवसासाठी आलेल्या बाईला न्यायालयानं परिसरातली मानलं. तोच न्याय गप्प उभ्या राहिलेल्या माणसालाही लावावा लागेल. तो पटो न पटो, परिसरातला तोही आहे.