सवचें नांव, सावित्रीचें खोरें आणि वेदसंस्कृतीचें मूलस्थान

वैदिक आर्य मूळचे कोठले, आणि त्यांची संस्कृति कोणत्या वाटेनें व कोणत्या काळीं दक्षिणेंत उतरली, या प्रश्नांवर महाराष्ट्रांतील विद्वानांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, शंकर बाळकृष्ण दीक्षित, लोकमान्य टिळक, नारायण भवानराव पावगी, इतिहासाचार्य राजवाडे अशी ही मालिका आहे. त्या सर्व वाङ्मयाचा परामर्श घेण्याचा येथें हेतु नाहीं. त्यांतील दोन पद्धति, एक स्थलनामांवरून अनुमान काढण्याची व दुसरी वेदांतील निसर्गवर्णनांवरून काढण्याची, आज कसोटीस कितपत उतरतात हें एका लहानशा प्रदेशापुरतें पाहावें, एवढेंच आम्हीं योजिलें आहे. प्रदेश सावित्रीच्या खोऱ्याचा, म्हणजे महाड व पोलादपूर या तालुक्यांचा. आणि आरंभ महाडनजीकच्या सव या गांवाच्या नांवापासून.

सव हा गांव सावित्रीच्या कांठीं असून तेथील ऊन पाण्याच्या झऱ्यांमुळें तो प्रसिद्ध आहे. वेदवाङ्मयाशीं ज्याचा थोडा तरी परिचय आहे त्याच्या मनांत हें नांव ऐकतांच एक विचार उठल्यावांचून राहणार नाहीं. ‘सव’ म्हणजे सोमाचा रस काढणें. बृहस्पतिसवासारख्या यागांच्या नांवांतही हा शब्द येतो. गांवाखालून वाहणारी नदी सावित्री, म्हणजे सवित्याची. ती उगम पावते महाबळेश्वरीं, आणि त्या क्षेत्राच्या माहात्म्यकथेंत तर सह्याद्रीवर ब्रह्मदेवानें केलेल्या यज्ञाचेंच आख्यान आहे. इतकी सामग्री हातीं आल्यावर सव हें एखाद्या प्राचीन सोमयागाचें स्थान ठरविण्यास कितीसा वेळ लागणार! स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांतून याहून तोकड्या सामग्रीवर याहून मोठ्या इमारती उठलेल्या आमच्या वाचकांनीं पाहिल्या असतील.

परंतु हें अनुमान पहिल्याच पायरीवर अडखळतें. संस्कृतांतील ‘स्र’ व ‘श’ यांचा आपल्याकडील प्राकृतांत ‘स’ होतो. त्यामुळें सव, स्रव आणि शव हे तीन अगदीं निरनिराळे शब्द प्राकृतांत एकाच ‘सव’ या रूपास येऊन मिळतात. पैकीं स्रव म्हणजे झरणें, पाझर. आणि ज्या गांवाची ओळखच झऱ्यांवरून आहे त्यास तें नांव सोमयागापेक्षां अधिक शोभतें. कोंकणांत ऊन पाण्याच्या ठिकाणांस लोकांनीं उन्हेरें, उन्हवरें, उन्हाळें अशीं पाण्यावरूनच नांवें दिलेलीं आहेत, हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे. निवड करावयाचीच तर आम्ही झऱ्याच्या बाजूनें कौल देऊं. परंतु कौल म्हणजे पुरावा नव्हे. नांवाचें जुनें लिखित रूप एखाद्या ताम्रपटांत वा शिलालेखांत सांपडल्याखेरीज ही व्युत्पत्ति कोणत्याही बाजूनें सिद्ध होणार नाहीं.

नदीच्या नांवाचीही तीच गोष्ट. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नदीसूक्तांत गंगा-यमुनांपासून कुभा, क्रुमु, गोमतीपर्यंत नद्या मोजल्या आहेत. त्यांत विंध्याच्या दक्षिणेची एकही नाहीं. सावित्री, गायत्री, कृष्णा इत्यादि नद्यांची एकत्र कथा पुराणांची आहे. नांव संस्कृत आहे यावरून तें देणारे संस्कृत जाणत होते एवढेंच निघतें. ते केव्हां आले हें निघत नाहीं.

येथें राजवाडे यांच्याविषयीं एक शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण ग्रामनामांचा आधार घेणारे सर्वजण त्यांचेंच नांव पुढें करतात. ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ लिहितांना त्यांनीं नांवांचा आधार घेतला तो एकेका नांवाचा नव्हे, तर नांवांच्या समूहांचा. शेंकडों गांवें झाडांवरून, प्राण्यांवरून, जमातींवरून कशीं ओळखलीं जातात हें एकत्र मांडल्यानें कांहीं तरी दिसतें. त्यांच्या एकेका व्युत्पत्तीविषयीं शंका घेण्यास भरपूर जागा आहे, आणि आम्ही ती घेतों; पण त्यांच्या पद्धतींतील बळ समूहाचें होतें, हें त्यांच्या अनुयायांस बहुधा उमगलें नाहीं. एक सुटें नांव घेऊन त्यावर वेदकाल उभारणें ही राजवाड्यांची पद्धति नव्हे.

आतां टिळकांकडे वळूं. त्यांचा ‘ओरायन’ १८९३ सालीं व ‘आर्क्टिक होम इन् द वेदाज्’ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. दुसऱ्या ग्रंथांत त्यांनीं ऋग्वेदांतील लांबलेल्या उषांचीं वर्णनें, तैत्तिरीय संहितेंतील तीस उषा, दशग्वांचे दहा महिन्यांचें सत्र आणि गवामयन नांवाचें सत्र कांहींनीं दहा महिन्यांतच आटोपल्याचा ब्राह्मणोक्त निर्देश, यांची सांगड घालून आर्यांचें मूलस्थान उत्तरध्रुवाजवळ होतें असें प्रतिपादन केलें. शेवटच्या हिमयुगानें तें स्थान ख्रिस्तपूर्व १०००० ते ८००० च्या सुमारास नष्ट केलें, असें त्यांचें मत. ग्रंथ आजही वाचनीय आहे. उताऱ्यांची जुळणी, प्रतिपक्षाचा अनुवाद करण्यांतील प्रामाणिकपणा आणि सायणाचार्य जेथें अडखळले तेथें नेमकें बोट ठेवण्याची हातोटी या गोष्टी पुढच्या लेखकांत क्वचित् आढळतात.

परंतु सिद्धान्त टिकत नाहीं, आणि तो ज्या भूस्तरशास्त्रावर त्यांनीं उभा केला त्याच शास्त्रानें तो पाडला आहे. टिळकांच्या काळच्या कांहीं अमेरिकन भूस्तरवेत्त्यांनीं हिमयुगाचा शेवट सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं धरला होता, व तो अंदाज फारसा चुकला नाहीं. आजची गणना सुमारें ११७०० वर्षांची आहे. चूक आहे ती हिमयुगाच्या आरंभाविषयीं. त्यापूर्वींचा ऊबदार काळ संपून थंडी वाढूं लागली ती लाखाहून अधिक वर्षांपूर्वीं. म्हणजे ध्रुवाजवळच्या सुखद हवेंत कोणी सत्रें केलीं असतील तर तीं लाख वर्षांपूर्वीं केलीं असलीं पाहिजेत, आणि तेव्हां घोडा, रथ व धातु यांची गोष्टच नको.

घोड्याचा हा आक्षेप नवा नाहीं, आणि तो ज्यांनीं घेतला त्यांचा महाडशीं संबंध सर्वांस ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२७ च्या मार्चांत महाडच्या चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसह प्राशन केलें व त्याच वर्षीं २५ डिसेंबरास तेथें मनुस्मृतीचें दहन केलें. पुढें शूद्र मूळचे कोण याविषयींच्या १९४६ सालच्या इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं आर्यांच्या स्वारीची उपपत्ति ऋग्वेदाच्याच आधारें तपासून नाकारली, आणि टिळकांच्या मताचा विचार करितांना असें विचारलें कीं, वैदिक आर्यांचा आवडता प्राणी जो घोडा तो ध्रुवप्रदेशांत होता काय? या आक्षेपास आज किंचित् दुरुस्ती सुचवितां येईल. रानटी घोड्यांचीं हाडें सैबीरियाच्या अगदीं उत्तर भागांतही सांपडतात. परंतु वेदांतील घोडा रानटी नसून रथास जोडलेला आहे. आणि माणसाळलेल्या घोड्याची आजची जात ख्रिस्तपूर्व २२०० च्या सुमारास व्होल्गा व डॉन नद्यांच्या दक्षिण गवताळ प्रदेशांतून पसरली असें प्राचीन हाडांच्या परीक्षणावरून दिसतें. आऱ्यांच्या चाकांचे सर्वांत जुने ज्ञात रथ उरलच्या दक्षिणेस सिंताश्ता येथील थडग्यांत मिळाले असून ते ख्रिस्तपूर्व २००० च्या आसपासचे आहेत. ऋग्वेद अशा रथांनीं भरलेला आहे. त्यामुळें आक्षेप दुरुस्त होऊन अधिकच बळकट होतो, आणि तो ‘ओरायन’ मधील ख्रिस्तपूर्व चार हजारांच्या कालासही लागू पडतो.

मूलस्थानाचा प्रश्न महाडसारख्या ठिकाणीं केवळ कुतूहलाचा कां नव्हे हें याच उदाहरणावरून दिसेल. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ त आर्यभट इराणांतून आले असें मांडलें. टिळकांनीं त्यांस ध्रुवावरून आणिलें. पावगींनीं सप्तसिंधूंतच ठेविलें. आंबेडकरांनीं स्वारीच नाकारली. आधीं कोण आलें यावरून वर कोण बसावें हें ठरविण्याची खोड समाजास आहे, तोंवर पुरावा कडक हातानें तपासणें हें आमच्यासारख्या मंडळांचें काम आहे.

वेदसंस्कृति बाहेरून आली कीं येथेंच उपजली यावर आज सर्वांत स्थिर पुरावा म्हणजे बोगाजकोई येथील तह. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांतील त्या तहांत मितन्नीच्या राजानें मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांस साक्षी ठेविलें आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेलें राखीगढीच्या एका स्त्रीच्या अस्थींचें परीक्षण व त्याच वर्षीचें दुसरें व्यापक संशोधन यांवरून गवताळ प्रदेशांतील लोकांचा अंश भारतांत सिंधुसंस्कृतीच्या भरानंतर मिसळला असें दिसतें. तथापि हाडें भाषा बोलत नाहींत, हें त्या संशोधनाच्या उत्साही वाचकांनीं विसरूं नये.

दक्षिणेपुरतें पाहतां भांडारकरांचें विवेचन अजून उपयोगी आहे. पाणिनीस दक्षिणेकडील देश फारसे ठाऊक नाहींत, कात्यायनास चोल-पांड्य ठाऊक आहेत, यावरून त्यांनीं दक्षिणेच्या परिचयाचा काळ त्या दोघांमध्यें घातला. पाणिनीचा काळ त्यांनीं ठेविला तितका मागें आज कोणी ठेवीत नाहीं. पण क्रम बदलत नाहीं. त्यानंतर पुरावा मिळतो तो थेट दगडावर. जुन्नरजवळील नाणेघाटांतील सातवाहन राणीच्या लेखांत अश्वमेध, राजसूय, आप्तोर्याम इत्यादि यागांची व त्यांच्या दक्षिणेची यादी आहे, आणि त्या यादींत गवामयनही आहे. ज्या सत्रांत टिळकांस ध्रुवप्रदेशाची आठवण दिसली, त्याचा महाराष्ट्रांतील पहिला लेखी दाखला असा व्यापाराच्या घाटांत मिळावा, हा योगायोग मौजेचा आहे. लेख प्राकृतांत आहे, आणि यज्ञ करणारें घराणें राज्य करणारें आहे. वेदसंस्कृति येथें राजाश्रयानें व व्यापारी मार्गानें आली असें अनुमान त्यावरून काढल्यास तें नांवांवरील अनुमानापेक्षां भक्कम ठरेल.

आतां सावित्रीच्या खोऱ्यांतील दगड काय म्हणतात? महाडजवळ गंधारपाले येथें तीसएक लेणीं व कोल येथें लहान लेणीं आहेत, दोन्हीं बौद्ध. त्यांतील लेखांत यज्ञाचा उल्लेख नाहीं. पाले येथील लेखांत कुमार काणभोअ व्हेणुपालित यानें लेणें, चैत्यगृह व पाण्याच्या पोढी दिल्याचें कोरलें आहे. व्हेणुपालित म्हणजे विष्णुपालित. याच जिल्ह्यांत कुडें येथें तर आयितिलु नांवाच्या ब्राह्मण उपासकाच्या भयिला या ब्राह्मणी भार्येनें चैत्यगृह दिल्याचा लेख आहे. समजा, हे लेख झिजून गेले असते आणि ‘विष्णुपालित’ व ‘ब्राह्मण’ हे दोनच शब्द शिल्लक राहिले असते. त्यांवरून या किनाऱ्यावर वैष्णव राजपुत्र व श्रौतकर्मी ब्राह्मण नांदत होते असा सिद्धान्त कोणी तरी निश्चित मांडला असता. आणि तो साफ चुकला असता. माणसांच्या नांवांची ही गत, तर गांवांच्या नांवांचें काय?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. श्रौतयज्ञ दगडी इमारत मागें ठेवीत नाहीं. मंडप कर्म संपतांच मोडतो. म्हणून या खोऱ्यांतील दगडांचें मौन म्हणजे येथें वेदाध्ययन नव्हतें असा निर्णय नव्हे. पुढें पांचव्या शतकांत अपरान्ताचा त्रैकूटक राजा दह्रसेन यानें अश्वमेध केल्याचें त्याच्या ताम्रपटावरून ठाऊक आहे. खुद्द या खोऱ्यांत वैदिक कर्माचा तपशीलवार व सर्वपरिचित दाखला मात्र फार उशीरां, १६७४ सालीं रायगडावर मिळतो. आणि त्या राज्याभिषेकासाठीं गागाभट्टांस काशीहून यावें लागलें, जरी त्यांचें घराणें मूळ पैठणचें होतें. तीन महिन्यांनंतर निश्चलपुरींनीं तांत्रिक पद्धतीनें दुसरा अभिषेक केला, तेव्हां त्या काळींही वैदिक पद्धति एकटीच अधिकारावर होती असें नव्हे.

या दोन टोकांमधील दीड हजार वर्षांची पोकळी भरून काढण्यास नांवें निरुपयोगी आहेत. पोथ्या मात्र उपयोगी पडतील. चरणव्यूहावरील महीदासाच्या टीकेंत ‘महार्णव’ या ग्रंथाचा जो उतारा आहे त्यांत शाखांचे प्रदेश दिले असून हिरण्यकेशी शाखा सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत परशुरामक्षेत्रांत सांगितली आहे. हें विधान तपासण्याजोगें आहे, आणि तें तपासण्याचें साधन संग्राहकांच्या कपाटांत आहे. संहितांच्या जुन्या प्रतींमागें सर्वजण लागतात. भांडारकर संस्थेंतील ऋग्वेदाच्या ज्या तीस पोथ्या २००७ सालीं युनेस्कोनें जागतिक स्मृतिसूचींत घेतल्या त्यांतील सर्वांत जुनी दिनांकित पोथी १४६४ सालची आहे. यावरूनच पोथीचें वय व ग्रंथाचें वय यांत किती अंतर असूं शकतें हें कळावें. स्थळाचीही तीच गोष्ट. कवींद्र परमानंद नेवाश्याचे, त्यांची समाधि पोलादपुरास, आणि त्यांच्या ‘शिवभारता’ ची पोथी मिळाली तंजावरास.

म्हणून महाड, पोलादपूर, बिरवाडी या बाजूच्या घरांतून जीं दफ्तरें येतील त्यांतील संध्या, श्रावणी, अग्निहोत्र व अंत्येष्टि यांच्या प्रयोगपोथ्या ‘किरकोळ’ म्हणून एकत्र बांधूं नयेत. प्रत्येकीवर सूत्र आश्वलायनाचें कीं सत्याषाढाचें, स्वर दिले आहेत कीं नाहींत, लेखकाचें नांव, शक व गांव, आणि पोथी ज्या घरीं मिळाली त्या घराचें पूर्वीचें ठिकाण, इतकी नोंद यादींत करावी. शेवटचें पान गहाळ असल्यास समासांतील टिपणें वाचावींत. प्रयोग चालविणारा भट बहुधा आपलें सूत्र तेथें लिहून ठेवतो. अशा नोंदी पुरेशा जमल्या, आणि त्यांत हिरण्यकेशी पोथ्या घाटाखालीं दाट व घाटावर विरळ निघाल्या, तर ‘महार्णवा’ चें विधान खरें धरण्यास हरकत उरणार नाहीं. तशा न निघाल्यास तें सोडून द्यावें लागेल.